अंशाचे चिन्ह आणि आईचा अश्रू

ती. आई आणि बाबा यांस,

सा. नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले की संगणकावर अंशाचे चिन्ह कसे उमटवायचे, तेव्हा मी दुसऱ्या कामाच्या गडबडीत "विंडोजची कळ आणि टिंब एकदम दाबा, तिथे सगळे मिळते" एवढेच सांगून विषय बदलला. त्यानंतर बाबांनी त्यांच्या भूमितीच्या टिपणांचा एक भाग संदेशातून पाठवला आणि त्यात मी वाचले, "त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८०० असते." आधी हसू आले. मग हे कसे घडले असावे ते लक्षात आले आणि माझ्या तुटक उत्तराची लाज वाटली. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. फोनवर मी फार भरभर बोलते ही आईची तक्रार खरीच आहे. कागदावरचे तुम्हांला तुमच्या गतीने वाचता येईल आणि पत्र संगणकाशेजारी ठेवून एकेक गोष्ट करूनही पाहता येईल.

बाबा, तुम्ही १८० लिहून त्यापुढे आणखी एक शून्य टंकलेत आणि घातांक लिहिण्याची सोय वापरून ते लहान करून वर चढवलेत. पडद्यावर ते हुबेहूब अंशासारखे दिसले आणि छापील कागदावरही तसेच दिसले असते. परंतु ते लहान होणे आणि वर चढणे हा त्या शून्याचा केवळ पोशाख होता. साध्या संदेशात ठळक, तिरपे, वर चढवलेले असे पोशाख बहुधा टिकत नाहीत, त्यामुळे मजकूर तेथे चिकटवताच शून्य खाली उतरून इतरांच्या रांगेत बसले आणि एकशेऐंशी अंशांचे अठराशे झाले. यात संगणकाची काही चूक नव्हती, कारण तुम्ही त्याला शून्य दिले होते आणि त्याने शून्यच पुढे पाठवले.

या साऱ्या प्रकरणात समजून घेण्याजोगी गोष्ट एकच आहे, आणि ती समजली की बाकीचे फारसे पाठ करावे लागत नाही. अंशाचे चिन्ह काय किंवा हसरा चेहरा काय, संगणकाच्या लेखी ते चित्र नसून अक्षरच असते. 'युनिकोड' नावाची एक जागतिक यादी आहे, तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, आणि जगातल्या लिप्यांमधील प्रत्येक अक्षराला व चिन्हाला तिच्यात एक स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५ आहे, अंशाच्या चिन्हाचा १७६, आणि दात दाखवून हसणाऱ्या पिवळ्या चेहऱ्याचा १,२८,५१२. तुम्ही कळ दाबता तेव्हा साठवला जातो तो हा क्रमांक, आणि पाठवलाही जातो तोच. त्या क्रमांकाची आकृती काढण्याचे काम ज्याच्या-त्याच्या यंत्रातील फाँट करतो. वर चढवलेल्या शून्याचा क्रमांक शून्याचाच राहतो, खऱ्या ° चा मात्र १७६ असतो, आणि म्हणून तो संदेशात, छपाईत किंवा दुसऱ्याच्या फोनवर कोठेही गेला तरी अंशच राहतो.

आता तो उमटवायचा कसा? विंडोज असलेल्या संगणकावर, उजव्या बाजूला अंकांच्या कळांचा वेगळा गठ्ठा असेल तर, सर्वांत जुना आणि मला अजूनही आवडणारा मार्ग असा: 'नम लॉक' (त्या गठ्ठ्यातले अंक चालू-बंद करणारी कळ) चालू असल्याची खात्री करावी, भाषा इंग्रजीवर आणावी, डावीकडची 'अल्ट' कळ दाबून धरावी, त्या उजवीकडच्या गठ्ठ्यावरच ०१७६ हे अंक एकामागून एक दाबावेत आणि मग 'अल्ट' सोडावी. सोडताक्षणी ° उमटते. वरच्या रांगेतले अंक दाबले तर काहीच होत नाही, आणि बहुतेक लोक तेथेच हताश होतात. सुरुवातीचे शून्यही गाळू नये, कारण शून्य नसेल तर संगणक त्याहून जुन्या, पहिल्या आयबीएम पीसीच्या काळातील यादीत तो क्रमांक शोधतो आणि भलतेच चिन्ह हाती येते. तुमच्या टिपणांना लागणारी आणखी काही चिन्हे याच रीतीने मिळतील: गुणाकाराच्या × साठी ०२१५, भागाकाराच्या ÷ साठी ०२४७, ± साठी ०१७७, वर्गाच्या ² साठी ०१७८, आणि ¼, ½, ¾ यांसाठी अनुक्रमे ०१८८, ०१८९, ०१९०. सध्या तुम्ही गुणाकारासाठी इंग्रजी 'एक्स' वापरता. बीजगणितात तो चल म्हणूनही येतो आणि वाचणारा अडखळतो, तेव्हा निदान हे एक चिन्ह तरी आवर्जून पाठ करा.

मी फोनवर सांगितलेला मार्गही चुकीचा नव्हता, अर्धवट होता. विंडोजची कळ दाबून धरून पूर्णविरामाची कळ दाबली की एक छोटी चौकट उघडते. तिच्यात प्रथम इमोजी दिसतात, म्हणूनच तुम्ही ती "हे मुलांचे आहे" म्हणून बंद केली असणार. तिच्याच वरच्या पट्टीत चिन्हांचा वेगळा विभाग आहे, आणि त्यात गणिताची, विरामांची, बाणांची चिन्हे निवडून ठेवलेली आहेत. मात्र चौकट उघडण्यापूर्वी कर्सर मजकुरात योग्य जागी असला पाहिजे, नाहीतर निवडलेले चिन्ह जाणार कोठे? माझ्या मॅकवर हेच काम कंट्रोल, कमांड आणि स्पेस या तीन कळा एकत्र दाबून होते. तुम्हांला त्याची गरज नाही. तुम्ही आमच्याकडे याल आणि माझे यंत्र वापराल तेव्हासाठी सांगून ठेवले.

तुम्ही 'चिन्हे' नावाची एक फाइल करून ठेवली आहे, आणि लागेल ते चिन्ह तिच्यातून उचलून मजकुरात चिकटवता, हे मला ठाऊक आहे. ती मोडीत काढा असे मी म्हणणार नाही. वर्गमूळासारखी क्वचित लागणारी चिन्हे तशीच घ्यावीत, त्यात कमीपणा काही नाही. फक्त चिकटवताना त्या फाइलमधला आकार आणि रंगही सोबत येतो, आणि त्यामुळेच तुमच्या तिसऱ्या प्रकरणात मध्येच एक निळे, मोठे √ दिसते. चिकटवण्याच्या पर्यायांमध्ये 'फक्त मजकूर' असा पर्याय असतो, तो निवडला की चिन्ह आजूबाजूच्या अक्षरांचेच रूप घेते.

फोनवर हे सगळे पुष्कळ सोपे आहे, कारण तेथे एकच युक्ती जवळजवळ सर्वत्र चालते: कळ पटकन दाबून न सोडता क्षणभर दाबून धरायची. आयफोनवर शून्य दाबून धरले की अंशाचे चिन्ह वर येते. गुगलच्या कीबोर्डवर एकचा अंक दाबून धरला की अर्धा, पाव असे अपूर्णांक येतात. त्या कीबोर्डवर अंश मात्र चिन्हांच्या दुसऱ्या पानावर ठेवलेला आहे. कोणत्या कळेखाली काय दडले आहे हे एकदा निवांत बसून चाचपून पाहा. त्याने काहीही बिघडत नाही.

आता आई, तुझ्याविषयी. तू पाठवलेला सांत्वनाचा संदेश मी पाहिला. त्याच्या शेवटी तू जो थेंब असलेला चेहरा टाकला होतास, तो रडणारा नसून झोपलेला आहे. तो थेंब डोळ्यांतून ओघळलेला वाटतो खरा, पण मुळात तो नाकातून आलेला बुडबुडा आहे, कारण जपानी चित्रकथांमध्ये गाढ झोप दाखवण्याची ती रीत आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. वाचणाऱ्यानेही तो अश्रूच मानला असेल. हा घोटाळा तुझ्या नजरेचा नाही, त्या चित्राच्या जन्मस्थानाचा आहे. इमोजी हा शब्दच जपानी आहे. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर, इंग्रजीतल्या 'इमोशन' या भावनावाचक शब्दाशी त्याचे नाते नाही. शिगेताका कुरिता यांनी १९९९ साली एका जपानी मोबाइल कंपनीसाठी १७६ चित्रांचा संच तयार केला होता आणि त्यातले प्रत्येक चित्र अवघ्या १२ बाय १२ ठिपक्यांत बसवले होते. (बाबा, १७६ हा आकडा येथेही यावा हा निव्वळ योगायोग.) पुढे २०१० साली युनिकोडने अशी शेकडो चित्रे आपल्या यादीत घेतली, तेव्हा जपानी संकेतही त्यांच्याबरोबर जगभर गेले. नाकातून वाफ सोडणारा जो चेहरा तू रागासाठी वापरतेस, त्याचे यादीतले नाव विजयाचा आविर्भाव अशा अर्थाचे आहे. तेथे मात्र मी तुझ्या बाजूची आहे, कारण तो चेहरा रागावलेलाच दिसतो आणि सगळे जग त्याला रागावलेलाच समजते.

खरा रडणारा चेहरा हवा असेल तर डोळ्याच्या अगदी खाली सुरू होणारा एकच थेंब पाहावा. दोन्ही डोळ्यांतून धारा लागलेला चेहरा हा हंबरड्याचा, आणि डोळे मिटून, दात दाखवून दोन्ही बाजूंना थेंब उडालेला चेहरा हसून हसून डोळ्यांत पाणी आल्याचा. हे दोन्ही बारीक अक्षरात सारखेच भासतात आणि खरी गफलत तेथे होते. शंका वाटली तर पाठवण्यापूर्वी अक्षरांचा आकार वाढवून पाहावा. माझे मत विचारशील तर दुःखाच्या प्रसंगी चेहरे टाकूच नयेत. तुझी दोन वाक्ये पुरेशी असतात आणि ती तू फार चांगली लिहितेस.

तू एकदा विचारले होतेस की तू पाठवलेले आई, वडील आणि मुलगी असे एकत्र कुटुंबाचे चित्र बाबांच्या जुन्या फोनवर तीन सुटी माणसे होऊन का उमटले, आणि "घर फुटले की काय" असे वर म्हणाली होतीस. त्याचे उत्तर मोठे मौजेचे आहे. ते चित्र यादीत एक अक्षर म्हणून नाहीच. पुरुष, स्त्री आणि मुलगी ही तीन स्वतंत्र अक्षरे आहेत आणि त्यांच्यामध्ये एक अदृश्य, शून्य रुंदीचा जोडक बसवलेला असतो. नव्या फोनला तो जोडक उमगतो आणि तो एकत्र चित्र काढतो. जुन्या फोनला उमगत नाही, म्हणून तो तिघांना शेजारी शेजारी उभे करतो. काही ठिकाणी मागे खोडण्याची कळ दाबली की अख्खे कुटुंब न जाता एकेक माणूस कमी होत जातो, तेही याचमुळे. आणि बाबा, हाच अदृश्य जोडक आपल्या मराठीच्याही कामी येतो! 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दर्‍या' म्हणजे डोंगरांमधल्या. या दुसऱ्या शब्दातला आडवा अर्धा र लिहिण्याची एक रीत म्हणजे र, हलन्त आणि मग हाच जोडक. माणसे जोडणारा आणि मराठीतला र वळवणारा जोडक एकच आहे हे मला कळले, तेव्हा तुम्हांला केव्हा सांगेन असे झाले होते.

कधी कधी चित्राऐवजी नुसता रिकामा चौकोन दिसतो, त्याचेही कारण आता तुमचे तुम्हांला सांगता येईल: क्रमांक नीट पोहोचला, पण त्याची आकृती त्या फोनच्या फाँटमध्ये नाही. फोन अद्ययावत केला की बहुधा दिसू लागते. साध्या एसएमएसबद्दल एक गोष्ट ओघात सांगते. इंग्रजी मजकुराचा एक संदेश १६० अक्षरांचा असतो, मराठीत मात्र ती मर्यादा ७० वर येते, आणि इंग्रजी मजकुरात एखादाच इमोजी टाकला तरी ७० वरच येते. आईचे संदेश दोन-तीन तुकड्यांत पोहोचतात ते यामुळे.

बाबा, तुमच्या टिपणांतली आधीची सगळी वर चढवलेली शून्ये एकेक करून शोधत बसू नका. 'शोधा आणि बदला' या सोयीत अक्षराच्या रूपाचीही अट घालता येते, म्हणजे फक्त वर चढवलेले ० शोधायचे आणि त्याजागी ° ठेवायचे. पुढच्या आठवड्यात मी येईन तेव्हा आपण ते मिळून करू, आणि तोवर कोनांचे प्रकरण कोणाला पाठवू नका. 'सर्व बदला' हे बटण मात्र मी असले तरी दाबायचे नाही. प्रत्येक ठिकाणी थांबून तुम्ही 'हो' म्हणायचे आणि मी बदलायचे. घातांकांच्या प्रकरणात तुम्ही दहाचा शून्यावा घात एक असतो हे सिद्ध करून दाखवले आहे, आणि आपण घाई केली तर तेथे दहा अंश बरोबर एक असे छापून येईल.

तुमची,
लेक