पटाला जोडी पाठवतो, तसा हा पोरगा पाठवू या

सप्रेम नमस्कार,

आपल्या गावचा एक पोरगा गोल्फ खेळून पोट भरायला निघाला आहे. ही बातमी पारावर आली तेव्हा जे हसू उठलं त्यात आमच्या मंडळाचे निम्मे सभासद होते, हे आधीच कबूल करतो. काठीनं चेंडू मारायचा अन् त्याच्या मागं दिवसभर चालायचं, याचे पैसे कोण देतं?

देतात, पण सगळ्यांना नाही. व्यावसायिक स्पर्धा चार दिवसांची, रोज १८ होल, म्हणजे चेंडू घालायचे खळगे. सव्वाशेच्या आसपास खेळाडू उतरतात. दोन दिवसांनी ‘कट’ लागतो. कमीत कमी फटके लागलेले वरचे ५० आणि त्यांच्या बरोबरीतले पुढं खेळतात, बक्षिसाची रक्कम त्यांच्यातच वाटली जाते. बाकीचे पिशवी उचलून घरी. प्रवेश फी, रेल्वे, लॉज, पिशवी उचलणाऱ्या कॅडीची मजुरी, सगळं आधीच खिशातून गेलेलं. शंकरपटाच्या शर्यतीची बैलजोडी ज्यांच्या दारात आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. वर्षभर ढेप-सरकी चारायची, टेम्पो करून जोडी दूरच्या पटाला न्यायची, आणि डोळ्याचं पातं लवेल एवढ्या फरकानं रिकाम्या हातानं परत यायचं.

पोराचे वडील नागपूरला एका गोल्फ मैदानावर गवत कापायच्या कामाला आहेत. सुट्टीत हा तिथं पिशव्या उचलायचा, कुणीतरी टाकून दिलेल्या क्लबनं, म्हणजे गोल्फच्या काठीनं, शिकला. गावी आला की पराटी उपटलेल्या वावरात चेंडू मारायचा. त्यातले किती धुऱ्यापलीकडे गेले याचा हिशेब नाही. सोयाबीन सोंगताना अजून एखादा हाती लागतो.

गेल्या वर्षी तो क्वालिफाइंग स्कूलमधून, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या पात्रता फेरीतून, पार झाला. नाव शाळेचं, काम चाळणीचं. व्यावसायिक झाल्यामुळं हौशी स्पर्धा बंद झाल्या. सात स्पर्धा खेळला, दोनदाच कट पार केला. एकदा तर एका फटक्यानं हुकला. त्या रात्री त्यानं घरी फोनच केला नाही, असं त्याची आजी सांगते.

नावाजलेले गोल्फपटू एस. एस. पी. चौरसिया यांचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये मैदानाची देखभाल करत. चौरसियांनी २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकली. त्याआधी १९९१ मध्ये ती जिंकणारे पहिले भारतीय अली शेर हे तर कॅडी होते. आपला पोरगा तिथवर जाईलच असं आम्ही म्हणत नाही. पण एक हंगाम तरी परतीच्या तिकिटाची चिंता न करता खेळू द्यावं, एवढंच.

पुढच्या सहा स्पर्धांचा खर्च दीड लाख धरला आहे. ४२,३०० रुपये जमले आहेत. ग्रामपंचायतीच्या निधीला हात लावलेला नाही, लावणारही नाही. सोयाबीन घरात येईस्तोवर कुणाच्या हाती पैसा नसतो, हे ठाऊक आहे. दसऱ्यानंतर दिले तरी चालतील. पन्नास रुपयांचीही पावती मिळेल.

पैसे जमत नसतील तर दुसरं एक काम आहे. पुणे, हैदराबाद, बेंगळुरू, अहमदाबाद इथं तुमचं कुणी नोकरीला असेल तर पाच रात्री पोराला घरी ठेवून घ्या. लॉजचा खर्च वाचला तर एक स्पर्धा जास्त होते. फक्त त्याला मैदानावर निघायला पहाटे चारला दार उघडावं लागेल.

रक्कम मारुतीच्या पारावर रोज संध्याकाळी सात ते नऊ स्वीकारली जाईल. हिशेब २६ जानेवारीच्या ग्रामसभेनंतर तिथंच वाचून दाखवू.

आपले,
गावातील तरुण मंडळ व समस्त गावकरी