आधी विसापूर, मग लोहगड

सातारा,
गुरुवार रात्र

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, रविवारी तळेगावहून आम्ही चौघी लोहगड-विसापूर करणार, आणि मी नुसतं "जपून जा गं" म्हणून फोन ठेवला. सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून लिहितेय. मैत्रिणींनाही वाचून दाखव.

तुम्ही ठरवलंय ते असं: मळवलीला उतरायचं, भाजे गावातून दोन गडांमधल्या गायमुख खिंडीत जायचं, आधी लोहगड, मग विसापूर, आणि विसापुरावरून थेट भाज्यात उतरायचं. बरेच जण असंच करतात. लोहगड नावाजलेला, त्याला बांधीव पायऱ्या, २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीतही गेला. साहजिकच पाय आधी तिकडे वळतात. कॉलेजात असताना आम्हीही हाच फेरा धरला होता, आणि तो उलटा धरायला हवा होता हे कळेपर्यंत संध्याकाळ झाली होती.

लोहगडावर आम्ही रमलो. विंचूकाटा म्हणतात त्या गडाच्या चिंचोळ्या सोंडेच्या टोकापर्यंत जाऊन आलो, डबे खाल्ले, पवना धरणाचं पाणी बघत बसलो. विसापुरावर पोचायला चार वाजले. विसापूरचं पठार अफाट आहे गं, त्यात धुकं उतरलं. चढताना वाटा माथ्याकडे एकत्र येतात, उतरताना त्याच वाटा फुटत जातात. गुरांची एक वाट धरून आम्ही सरळ कड्यावर जाऊन उभ्या राहिलो. शेवटी तटाला हात लावून, तट सोडायचा नाही असं ठरवून चालत राहिलो, तेव्हा कुठे उतार सापडला. खाली झाडीत मिट्ट काळोख, पाच जणींत एक विजेरी. मोडक्या पायऱ्यांवर बसत बसत उतरलो. एका पायरीवर उजेड पडला तर हिरव्यागार शेवाळावर एक खेकडा नांग्या वर करून बसला होता. मी पाय ठेवणार होते तो दगड डुगडुगत होता. त्या खेकड्यामुळे थांबले म्हणून बोटानं चाचपून पाहिला, नाहीतर गेलेच होते.

म्हणून माझं म्हणणं, फेरा तोच ठेवा, दिशा बदला. भाजे लेण्यांच्या पायऱ्या सुरू होतात तिथून एक पायवाट झाडीत शिरते, तिनं आधी विसापूर चढा. सकाळची वेळ, ताजे पाय, अवघड वाट तेव्हाच संपवायची. ही वाट चुकते, म्हणून भाज्यातून गावातला एखादा वाटाड्या माथ्यापर्यंत घ्या. त्याच्या पैशात घासाघीस करू नका. विसापुरावरून गायमुख खिंडीच्या बाजूला पायऱ्यांच्या घळीतून उतरा. पावसाळ्यात तिथून पाणी वाहतं, ऑक्टोबरात कमी झालेलं असेल, तरी काळा दगड बुळबुळीत राहतो. तोंड दगडाकडे करून उतरायला लाजू नका. मग लोहगड. तिथून परत खिंडीत आलात की भाज्यापर्यंत गाडीरस्ता. दमलेल्या पायांना अंधारातही तो चुकत नाही.

इंग्रजांनीही १८१८ च्या मार्चमध्ये आधी विसापूरच घेतला होता. तो लोहगडापेक्षा उंच. विसापूर हातात आल्यावर लोहगड टिकला नाही.

वेळेचं बोलते. साडेसातला भाजे सोडलंत तर बाराच्या आत खिंडीत याल. एक वाजून गेला असेल तर लोहगड सोडून द्यायचा. हे आज रात्रीच चौघींनी ठरवून टाका, तिथे उभं राहून नाही. तिथे समोर गड दिसत असतो, कुणीतरी "एवढ्यात होईल गं" म्हणतंच. सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. परतीच्या लोकल बघून ठेवा, दुपारच्या दोन गाड्यांत मोठं अंतर असतं.

पाणी माणशी तीन लिटर. विसापुरावर टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर जाऊ नका. प्रत्येकीकडे आपापली विजेरी, मोबाइलचा उजेड धरून चालत नाही. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ पुरे. लोहगडाच्या पायथ्याला लोहगडवाडीत पिठलं-भाकरी मिळते. अत्तर लावून जाऊ नकोस, कड्याला आग्या मोहोळ असू शकतं. नवे बूट रविवारीच पहिल्यांदा घालू नकोस, आत्तापासून घालून हिंड.

लोहगडावर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओळीनं लागतात. वाट कशी वळसे घेत चढते ते वरून वाकून बघ, चढणारा प्रत्येक वळणावर तटावरच्या माणसाच्या टप्प्यात येतो. विसापूरच्या तटाखाली सोनकी फुललेली असेल. फोटो काढा, पण काठावर पाठमोऱ्या उभ्या राहून नाही.

भाज्याची लेणी मुद्दाम शेवटाला ठेव, साडेचारच्या आत पोच. ती पश्चिमेकडे तोंड करून आहेत, उतरतं ऊन चैत्यगृहात शिरतं. छताच्या लाकडी तुळया बघ, दोन हजार वर्षांहून जुन्या. तिथून दक्षिणेकडच्या सूर्य-इंद्राच्या लेण्यात जा. तिथे एक बाई तबल्यासारखं वाद्य वाजवतेय, शेजारी दुसरी नाचतेय. त्या दिवशी अंधारामुळे माझी ती राहिली, नंतर फक्त फोटोत पाहिली. तू सहा वर्षं तबला शिकलीस, तुलाच कळेल. तिचा हात कसा पडलाय, ते नीट बघून ये आणि मला फोनवर सांग.

खिंडीत पोचलीस की एक फोन, मळवलीला गाडीत बसलीस की दुसरा.

तुझी,
आई