पिवळी लोंबी

राजूरजवळून,
कापणी संपता संपता

प्रिय मित्रा,

चाकणची रात्रपाळी संपली की निवांत वाच. नारायणगावची मजुरी सोडून मी घरी परतलो, तेव्हा तू हसला होतास, "आता शेण कालवत बस!" तेच करतोय, शेताला घालायचं जीवामृत. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. पहिल्या खेपेला पिंपाचं झाकण घट्ट आवळून ठेवलं. दोन दिवसांनी ते असं उडालं की म्हातारा बैल दावं तोडून पळाला!

शेतीच्या गटात आम्ही 14 जण. म्होरक्या अर्थातच मी, कारण आवाज मोठा. पण काळभात, आपला जुना गावठी भात, बियाण्याला राखायचा ठरला आणि अकरावीतल्या एका पोरीनं सगळ्यांना खाचरात उतरवलं. काळ्या लोंब्यांत मध्येच एक पिवळी. "भेसळ आहे, उपटा." मी म्हटलं, एका लोंबीनं काय होतंय? तिनं ती माझ्याच तळहातावर चोळली आणि दाणे मोजायला लावले. शंभरावर भरले. "पुढच्या साली एवढी रोपं," म्हणाली. मी गुमान वाकलो. तेव्हापासून गट तिचा. मतदान वगैरे काही झालं नाही.

काळभात कमी उतरतो, हे खरंच. पण युरिया त्याला मानवतच नाही, उंच वाढून आडवा होतो. आम्ही बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवला. यंदा खताच्या दुकानात उधारी नाही. बाप दोनदा वही उघडून बघत होता.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुला ठाऊक आहेतच. आपल्याच महादेव कोळी समाजाच्या, शाळा न शिकलेल्या, 2020 ची पद्मश्री. त्यांच्यासारखी बियाणे बँक आम्हीही मांडलीय, एका पडवीत. एक पायली न्यायची, दोन परत करायच्या. माझ्या चुलत्यानं टाळाटाळ केली, तर ही पोरगी त्याच्या ओट्यावर जाऊन बसली. भांडली नाही. चहा प्यायली, नातवाचा अभ्यास घेतला, अंधार पडला तरी उठेना. शेवटी चुलतीनंच कणगी उघडली.

एक काम होतं. तुझ्या आईकडं गाडग्यात राखेत ठेवलेला तांबडा घेवडा आहे. मी मागितला, तर "पोराला विचार" म्हणाली. फोन करून हो म्हण. नाहीतर त्या पोरीला तुमच्या ओट्यावर पाठवतो.

तुझाच,
पिंपवाला