चिऊची बासरी

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर सांगायला घेतलं की आई मध्येच "जेवलात का" विचारते आणि बाबा "बरं बरं" म्हणून फोन तिच्या हातात देतात. म्हणून लिहितेय.

बाबा, तुम्ही काकूच्या मुलाबरोबर पाठवलेली फ्लूट चिऊ शाळेच्या बँडमध्ये वाजवणार नाहीये. आम्ही भाड्याची घेतली. गेल्या शनिवारीच. झालं, लिहिलं एकदाचं.

आता रागवायच्या आधी पुढचं वाचा. तुमची फ्लूट मी आधी दुरुस्तीवाल्याकडेच नेली होती. त्याने सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी चावीखालच्या, भोक बंद करणाऱ्या गादीखाली धरली, चावी हलकेच दाबली आणि पट्टी ओढली. गादी नीट बसत असेल तर कागद अडतो. तुमच्या फ्लूटवर चार ठिकाणी तो सरकन बाहेर आला. म्हणजे तिथून हवा गळते. पोर कितीही फुंकलं तरी खालचे सूर लागायचे नाहीत, आणि तिला वाटणार आपल्यालाच जमत नाही. मी म्हटलं, बसवून द्या. तर म्हणाला, धातू मऊ आहे, आज सरळ केलेली चावी महिन्यात पुन्हा वाकेल, आणि हिचे सुटे भाग मिळत नाहीत. तुम्हाला कुणी फसवलं असं नाही हो. दिसायला ती आमच्या भाड्याच्या फ्लूटपेक्षा कितीतरी देखणी आहे. फोटोवरून मीही तीच घेतली असती.

पण आईचा तानपुरा घेताना सतारमेकर गल्लीत तुम्ही मला सकाळपासून बसवून ठेवलं होतंत, आठवतं? एकेका भोपळ्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचात, कान लावायचात, आणि मी तुमच्या शर्टाचं टोक धरून "भूक लागली" करत होते. तेव्हा म्हणाला होतात, जवारी, म्हणजे तारांचा झंकार, बिघडली की चालत यायला कारागीर जवळ पाहिजे. मिरजेत तो दोन गल्ल्यांवर होता. इथे तो भाड्याबरोबर मिळतो, बाबा. महिन्याला 24 डॉलर, दुरुस्ती त्यातच, आणि पुढे विकत घ्यायची ठरवली तर भरलेलं भाडं किमतीतून वजा. उद्या तिने बँड सोडून फुटबॉल धरला तर परत करून मोकळे. यामाहाची आहे, वापरलेली, शेपटाकडे एक बारीक पोचा. चाव्या बंद झाकणांच्या, म्हणजे भोकावर बोट नेमकं बसलंच पाहिजे असं नाही. डाव्या हाताच्या अनामिकेची चावी थोडी बाहेर काढलेली असते, लहान बोटांना पोहोचावी म्हणून. हात पुरले नसते तर वाकड्या तोंडाची घ्यावी लागली असती, पण पोरगी लांब हातांची निघाली, आईवर गेली.

साधी बांबूची का नको, तेही तुम्ही दोनदा विचारलंत. एका बासरीची पट्टी एकच, आणि बँडमध्ये गाण्यागणिक पट्टी बदलते. दर पट्टीला वेगळी बासरी घेऊन कुठे बसणार ती?

आणि तुमची फ्लूट माळ्यावर टाकलेली नाही. पहिले दोन आठवडे सरांनी फक्त तोंडाचा तुकडा वाजवायला सांगितलाय, आणि तो तुमचाच वापरतेय ती. त्याला ना चावी ना गादी, त्यामुळे तो अगदी उत्तम आहे. दुसरं टोक तळहाताने बंद केलं की सूर खाली जातो, उघडलं की वर. दिवसभर घरात आगगाडी आल्यासारखं वाटतं. वाजवून झालं की आतला ओलावा पुसायला आईच्या निळ्या वायलची चिंधी आहे. आई, तुझी ती साडी गोधडीत घालायची म्हणून मी आणली होती, गोधडी काही झाली नाही. गोड खाऊन फुंकायचं नाही, गाद्या चिकटतात, हे चिऊलाच पाठ आहे. लाडू असले की सराव आधी उरकते.

आता माझं ऐका. फ्लूटचे पैसे मी तुमच्या खात्यात टाकलेत, ते परत पाठवायचे नाहीत. त्यातून आईच्या गुडघ्याला चांगला पट्टा आणा आणि स्वयंपाकाच्या बाईंना दोन्ही वेळचं सांगा. आई, माळ्यावर चढायचं नाही, बरणी तिथेच राहू दे. बाबा, बायपासनंतर श्वासाच्या व्यायामाला दिलेलं ते तीन चेंडूंचं यंत्र फ्रिजवर धूळ खातंय, मागच्या व्हिडिओत दिसलं मला. डॉक्टरांनी दिवसातून चार वेळा सांगितलंय. ओरडत नाहीये, पण कराच.

रोज तुमच्या सकाळी साडेसातला आम्ही फोन लावू. चिऊ एक सूर धरेल, तुम्ही चेंडू वर धरायचे. काल तिचा सूर सात सेकंद टिकला. ती विचारतेय, आजोबांचा तिसरा चेंडू हलतो तरी का?

तुमची,
बाळी