चिमीच्या शनिवारच्या वर्गाबद्दल

ती. अप्पा आणि आई,
सा. न.

अप्पा, परवा फोनवर तुम्ही म्हणलात की पावणेदोन वर्षाच्या लेकराला कसली शाळा, आणि शाळा लेकराची असंल तर बाप तिथं कशाला जाऊन बसतो. मी तेव्हा वाळूजहून गाडीवर येत होतो, मागं ट्रक हॉर्न मारायला, हो-हो म्हणून ठेवला. आता निवांत लिहायलोय, दोघं वाचा, आईला चष्मा लावून वाचू द्या, तुम्ही अर्धं गाळून सांगता.

तर शाळा अशी ती नाहीच, इटलीच्या मारिया माँटेसोरीबाईंनी काढलेल्या पद्धतीचा वर्ग आहे. शनिवारी दीडेक तास, एक ते तीन वर्षाची लेकरं आणि प्रत्येकासोबत घरचं एक मोठं माणूस, ते नसंल तर लेकराला घेत नाहीत, कारण शिकायचं खरं त्या मोठ्यालाच असतंय. हॉलमधे फळा नाही, बाकडे नाहीत. लेकराचा हात पोचंल एवढ्या उंचीची उघडी मांडणी, त्यावर ट्रेमधे एकेकच वस्तू ठेवलेली, दुसऱ्यानं घेतली असंल तर वाट बघायची. लेकरू ट्रे उचलून चटईवर नेतंय, वाटंल तेवढा वेळ करतंय आणि परत जागेवर ठेवतंय (निदान ठेवावं अशी अपेक्षा असती). आपण भिंतीकडंला बसायचं आणि बघायचं, हात मांडीवर, 'असं नाही गं, असं' म्हणायचं नाही. ऐकायला सोपं वाटतंय पण तिथं बसलेल्या आयांचे हात बघा एकदा, निम्म्या जणींचे आपोआप पुढं जातेत. एक वर्षभराचं पोरगं लाकडी पेटीच्या भोकात चेंडू टाकायलं होतं, चेंडू दिसेनासा होतो आणि खालनं घरंगळत बाहेर येतो, झालं, एवढंच काम, ते त्यानं इतक्यांदा केलं की त्याच्या आईनं कंटाळून मोबाईल काढला आणि वर्ग घेणाऱ्या ताईंनी हळूच ठेवायला लावला. डोळ्याआड गेलेली वस्तू असतीच कुठंतरी, हे त्या वयात लेकराला पटत असतंय, आपल्याला ते केव्हाचं पटलंय म्हणून आपल्याला कंटाळा येतो.

चिमीचं मन मात्र पाण्यावर. आधी राजमा एका वाटीतनं दुसऱ्या वाटीत ओतायला देतेत, हात बसला की मग पाणी. आई, पाणी म्हणल्यावर तू काय म्हणशील ते मला इथं ऐकू येतंय. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायलं होतं तेव्हा तू तांदूळ धुतलेलं पाणी सुद्धा टाकू द्यायची नाहीस, आणि इथं तरी नळाला कधी येतंय त्याचा कुठं नेम आहे. पण पाण्याचा जग केवढा, तर तुझ्या देवातल्या तांब्याएवढा, तोही अर्धाच भरलेला, शेजारी स्पंजचा तुकडा. मुद्दाम तेवढंच देतेत, लेकराला एकट्याला जेवढं पुसता येईल तेवढंच सांडायला द्यायचं, असा हिशोब. चिमी सांडती, थांबून बघती, मग पुसती, आणि खरं सांगू का मला वाटतंय तिला ओतण्यापेक्षा पुसण्यातच जास्त गोडी आहे. प्यायला ग्लास काचेचा देतेत, प्लास्टिकचा कितीबी आदळला तरी काही होत नाही मग जपून धरायचं कारणच राहत नाही. केळं पण बोथट सुरीनं स्वतः कापती आणि दुसऱ्या लेकराला देती. म्हणजे देती कधीकधी.

आता अप्पा, तुमच्यासाठी खास. तुम्ही डीएड केलेले, तीस-बत्तीस वर्षं झेडपीची पोरं शिकवली, म्हणून हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळंल. व्हिडिओ कॉलवर तुम्ही पुस्तक धरून "हे काय? हे काय?" विचारता आणि ती गप्प बसून तुमच्या मिशीकडं बघती. इथं नाव शिकवायच्या तीन पायऱ्या आहेत, सेगँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरची ती पद्धत, माँटेसोरीबाईंनी त्याच्याकडनं घेतली. पहिली पायरी, खरं वांगं हातात देऊन म्हणायचं, हे वांगं. दुसरी, वांगं दाखव, वांगं मला दे, वांगं टोपलीत ठेव, हे किती दिवस चाललं तरी चालतंय. आणि तिसरी, हे काय. आपले सगळे घरचे तिसऱ्या पायरीवरनंच चालू करतेत! एवढ्या लहान लेकराला बहुतेक वेळा पहिल्या दोनच पुरतेत. लातूर पॅटर्न दहावी-बारावीला ठीक आहे अप्पा, चिमीला अजून दाढा येयलेत.

आणि हे काही बाहेरचं फॅड नाही, आपल्याकडं बालशिक्षणाचं काम केलेल्या गिजुभाई आणि ताराबाई मोडकांचं तुम्हीच मला सांगायचात. स्वतः माँटेसोरीबाई 1939 ला मद्रासला आल्या, थिऑसॉफिकल सोसायटीच्या बोलावण्यावरून अड्यारला, आणि 1940 ला इटली युद्धात उतरली तसं इंग्रज सरकारनं त्यांच्या लेकाला, मारिओला, कुठं नेऊन कोंडलं, तर आपल्या नगरला! हे मला माहीतच नव्हतं, नगरवरनं किती वेळा पुण्याला गेलो असंल. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्याला सोडलं. तीन वर्षाच्या आतल्या लेकरांचा त्यांनी जास्त विचार केला तो इथं भारतात राहिल्या त्या काळातच, असं ताई सांगत होत्या.

सगळंच मला पटतंय असं नाही. लाकडी सामानाच्या ऑनलाईन किमती बघून डोळे फिरतेत, ताराबाई आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला पानं, शिंपले, दगडगोटे वापरून हेच केलं की. मी आपल्या सुताराकडनं खुंट्यांची पाटी करून घेतली, मस्त झाली, फक्त जड झाली. आणि ते सारखं शाब्बास म्हणायचं नाही, लेकरू कामासाठी काम करायलंय, आपल्या कौतुकासाठी नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर असंल पण मला जमत नाही, जमवायचं पण नाही. बाप आहे मी. मी म्हणतो शाब्बास, ताई बघतेत माझ्याकडं.

आता कामाचं. पुढच्या महिन्यापासनं माझी शनिवारी पण शिफ्ट लागली. सूनबाईची बँक दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असती, ते दोन ती करंल. पहिला आणि तिसरा अप्पा तुमचा. ताईंना विचारलंय, आजोबा चालतेत म्हणल्या, उलट म्हातारी माणसं जास्त वेळ शांत बसतेत म्हणे (तुम्हाला ओळखत नाहीत त्या). सोयाबीन निघालेलंच आहे, हरभऱ्याची पेरणी उरकली की दोघं या, महिनाभर तरी राहा. एसटीला आईला अर्धं तिकीट आहेच, तुम्हालाबी पासष्टच्या पुढं अर्धंच आहे, आधार कार्ड विसरू नका.

आई, येताना लहान पोळपाट-लाटणं असंल तर आण, खेळण्यातलं नको, पुरीचं. आणि लहान सूप. घरी चिमी काही करायली आणि वेळ लागायला तर तिच्या हातातनं घेऊ नको, एवढंच जमव, भाकरी तू तुझ्या वेगानं कर, तिचा गोळा वेगळा राहू दे.

अप्पा, शनिवारी सैल पायजमा घाला, खाली बसावं लागतंय. गुडघ्याचं मी सांगून ठेवलंय, स्टूल देतो म्हणल्यात.

तुमचा,
बाळू