स्वतःच्या कवितेची झेरॉक्स फुकट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धरणगावात शाळेसमोर माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. जानेवारी लागला की दहावीची मुलं रसग्रहणाच्या नोट्स घेऊन येतात. एकाच वहीतलं एकच पान, चाळीस प्रती. वर ठरलेले मथळे : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य. खालचा मजकूर असा की कवितेचं नाव झाकलं तर हे कुठल्या कवितेबद्दल चाललंय ते मला सांगता येणार नाही, आणि पोरांनाही नाही. प्रश्नपत्रिकेत ‘कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण लिहा’ असंही विचारतात म्हणे. इतक्या वर्षांत ‘न आवडण्याचे’ लिहिलेला एकही कागद माझ्या मशीनखालून गेलेला नाही. सगळ्यांना सगळ्या कविता ‘खूप खूप’ आवडतात, आणि परीक्षा संपली की त्याच वह्या रद्दीत येतात.

मागच्या हिवाळ्यात असाच एक कागद काचेवर राहून गेला. पुढच्या बाजूला नोट्स. मागे पेन्सिलीने, बारीक अक्षरात हे :

पप्पा म्हणतात भाव येईल
आई म्हणते कधी येईल
कापूस झोपतो पलंगावर
आम्ही झोपतो खाली
रात्रभर मले खाज सुटते
कापसाले नाही

आमच्याकडे भावाची वाट बघत कापूस घरात भरून ठेवणं नवं नाही. एक खोली कापसाची, उरलेल्या खोलीत माणसं. त्या कापसाने अंगाला खाज सुटते तीही सगळ्यांना ठाऊक. त्यावर भाषणं ऐकली, मोर्चे पाहिले. पण कापूस पलंगावर आणि माणसं जमिनीवर, हे असं कुणी माझ्यासमोर ठेवलं नव्हतं.

पोरगा संध्याकाळी धापा टाकत आला. कागद ओढून घेतला आणि म्हणाला, “काका, ते माझं नाही.” मी गप्प राहिलो. मग म्हणाला, “ते कविता नाही, असंच आहे.” का नाही, विचारलं, तर उत्तर तयार : “यमक कुठेय? आणि संदेश पण नाही.” नवव्या इयत्तेतला मुलगा. कवितेत काहीतरी शिकवण पाहिजे, नाहीतर ती कविताच नाही, एवढं मात्र त्याला पक्कं शिकवलं गेलंय.

मी मराठीचा जाणकार नाही, बारावीपर्यंत शिकलेला माणूस आहे. पण आमच्या गल्लीत भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, शेवटी डब्यातला खाऊ ओळखतात, तेव्हा मी कान देऊन ऐकतो. माझी पुतणी ओळ विसरली की जागच्या जागी नवी जोडते. शेजारच्या काकूंचं नाव, बंद पडलेली मोटार, काहीही चालतं तिला. भुलाबाईच्या गाण्याखाली कुणी प्रश्न छापत नाही, म्हणून तर तिची जीभ अडत नाही. तीच मुलगी पाठ्यपुस्तकातली कविता म्हणायला उभी केली की घड्याळाकडे बघते.

आणि हा जिल्हा कुणाचा! १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे आमच्या धरणगावात जन्मलेल्या, विशीही न गाठलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबऱ्यांनी कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्यांना ‘बालकवी’ म्हटलं. पदवीचं कौतुक सगळे करतात. मला नवल वाटतं ते त्या वयाच्या पोराला मोठ्यांच्या संमेलनात कविता म्हणू दिली याचं. हल्ली संमेलनात शाळकरी मुलं लागतात ती स्वागतगीताला आणि पाहुण्यांच्या हातात गुलाब द्यायला. ते झालं की मागच्या सतरंजीवर बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या.

असोद्याच्या बहिणाबाई तर निरक्षर होत्या. त्या काम करता करता म्हणत गेल्या, घरच्यांनी उतरवून घेतलं, आणि त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक आलं. उतरवणाऱ्याने त्यांची बोली ‘सुधारून’ घेतली असती, तर आज विद्यापीठाला त्यांचं नाव लागलं असतं का?

आता आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या मुलांच्या पानाबद्दल. राग मानू नका, मी ते पान दर आठवड्याला वाचतो. पण आठ वर्षांच्या मुलीच्या फोटोखाली ‘वसुंधरेचे अश्रू’ छापून येतात, तेव्हा ते अश्रू तिचे की बाबांचे हे लगेच कळतं. झाडे लावा, पाणी वाचवा, मोबाइल सोडा. हे सगळं बरोबर आहे, पण ते रिक्षाच्या मागेही लिहिलेलं असतं. मुलांनी खरोखर लिहिलेलं मागवा. चार ओळींचं असो, यमक असो-नसो. ऱ्हस्व-दीर्घ सुधारा हवं तर, शब्द बदलू नका. आणि शाळांना आपल्या पानातून एवढं सुचवा की आठवड्यातून एका तासाला एक कविता सरांनी नुसती मोठ्याने वाचावी, दोनदा वाचावी आणि वह्या उघडायला सांगू नये. मार्कांसाठी बाकीचे तास आहेतच.

माझ्यापुरतं मी काय केलं तेही सांगतो. दुकानावर पाटी लावली : ‘स्वतःच्या कवितेची झेरॉक्स फुकट.’ पहिल्या आठवड्यात चार कागद आले, त्यातले दोन मोबाइलवरून उतरवलेले निघाले. एकाने तर सिनेमाचं गाणंच आणलं, कडव्यांसह. त्यांनाही प्रत काढून दिली, पैसे मात्र घेतले. मग हळूहळू खरे येऊ लागले. एक मुलगी बसच्या पासवर लिहून आणते, एक जण फक्त शिक्षकांवर लिहितो (ते मी कुणाला दाखवत नाही). कापसावाला पोरगा महिनाभर फिरकलाच नाही. मग आला आणि म्हणाला, “काका, तो जुना कागद हरवला. तुमच्याकडे असेल तर एक काढून द्या.”

माझ्याकडे नव्हताच, कागद तर त्याने नेला होता. पण सहाही ओळी मला पाठ होत्या. मी सांगितल्या, त्याने लिहून घेतल्या, आणि एक शब्द मी चुकीचा सांगितला म्हणून मलाच दुरुस्त केलं. मी ‘मला’ म्हणालो होतो.

त्याला विचारूनच त्या ओळी वर दिल्या आहेत. नाव छापायचं नाही, अशी त्याची अट आहे. सोबत आणखी तीन मुलांच्या कविता पाठवत आहे, त्यांचीही हरकत नाही.

आपला,
एक झेरॉक्सवाला, धरणगाव (जि. जळगाव)