‘मन घेत नाही’ हा पुरावा होऊ शकतो का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम देशात पहिल्यांदा पाच ठिकाणी सुरू झाली. तामिळनाडू, कर्नाटक, पुदुच्चेरी, लक्षद्वीप आणि आपला गोवा. ९ महिन्यांपासून १५ वर्षांखालच्या मुलांना ही लस द्यायची होती. मी तेव्हा सत्तरी तालुक्यात आरोग्यसेविका होते. काही पालकांनी मोबाइलवर आलेला मजकूर पुढे केला. या लसीने मुले पुढे वांझ होतात, हे परदेशी कंपन्यांचे कारस्थान आहे, असे त्यात होते. मी पत्रक काढून समजावू लागले की आया शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, “सिस्टर, सगळे खरे असेल, पण मन घेत नाही.”

आता मी निवृत्त आहे, पण तेच उत्तर अजून कानावर येते. कधी लसीबद्दल, कधी मोबाइल टॉवरबद्दल, कधी मतदान यंत्राबद्दल. अशा माणसांना अडाणी म्हणून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. माझ्याशी वाद घालणाऱ्यांत पदवीधर होते, आणि त्यांच्याकडे माहिती माझ्यापेक्षा जास्तच असायची. अडचण दुसरीकडे होती. कशाला पुरावा मानायचे, यावरच आमचे जमत नव्हते.

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे केली गॅरेट आणि त्यांचे सहकारी ब्रायन वीक्स यांनी २०१७ मध्येच नेमका हा प्रश्न तपासला. एखादी गोष्ट खरी की खोटी हे ठरवताना माणूस मनाच्या कौलावर किती विसंबतो, आपल्या मताला पुराव्याचा आधार हवा असे त्याला किती वाटते, आणि सत्य हे सत्तेवाले ठरवतात असे तो किती मानतो, हे त्यांनी लोकांना विचारले. मनाचा कौल मानणारे आणि सत्य सत्तेच्या हाती आहे असे समजणारे कटाच्या गोष्टींवर जास्त विश्वास ठेवताना दिसले. पुरावा मागणारे कमी. शिक्षण आणि राजकीय कल हिशेबात धरूनही हा फरक उरला.

मन इतके ठामपणे का बोलते? एक कारण अगदी साधे आहे. तेच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडले की ते खरे वाटू लागते. हे १९७७ पासून प्रयोगांत दिसत आले आहे. गावाच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर एकच मजकूर आला, तर मनाला तिघे साक्षीदार मिळाल्यासारखे होते. उगम एकच आहे, हे मनाला कळत नाही. दुसरे म्हणजे, आपल्या हाती काही नाही असे वाटू लागले की माणसाला नसलेले धागेदोरे दिसू लागतात. २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या प्रयोगांत असा अनुभव दिलेल्या लोकांना नुसत्या ठिपक्यांतही आकृत्या दिसल्या, आणि कटकारस्थानेही. तिसरे कारण मी आयांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. गोवर आपोआप आला तर ते नशीब, पण मी होकार दिलेल्या सुईने काही झाले तर तो माझा दोष. त्या भीतीला मी हसू शकत नाही.

आकडा तिथे हरतो. १९९८ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांनी अवघ्या १२ मुलांच्या आधारे गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्र लसीचा संबंध ऑटिझमशी लावला. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो लेख २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वेकफिल्ड यांची डॉक्टर म्हणून नोंदणी रद्द झाली. २०१९ मध्ये डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. तरी लोकांच्या लक्षात राहिली ती बारा मुलेच. बारा मुलांची गोष्ट सांगता येते. साडेसहा लाखांची सांगता येत नाही.

यावर माझ्याच तालुक्यातले लोक मला बेकायदा खाणींची आठवण देतात, आणि ती द्यायलाच हवी. गोव्यात साटेलोटे झालेच नाही असे कोण म्हणेल? आमच्या सत्तरीतल्या सोनशी गावच्या लोकांनी खाणींची धूळ खाल्ली आणि २०१७ मध्ये खनिजाचे ट्रक अडवले, तेव्हा त्यांनाच अटक झाली. अशा गावातल्या माणसाला सरकारी कागदावर संशय घ्यायचा पूर्ण हक्क आहे. पण खाणींचे प्रकरण बाहेर आले कसे, तेही पाहू या. बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी केंद्राने नेमलेल्या शाह आयोगाने खाणींच्या लीजचे कागद, खनिजाच्या निर्यातीचे आकडे आणि अभयारण्यांच्या परवानग्या तपासल्या. २०१२ मध्ये अहवाल संसदेसमोर आला. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेने न्यायालयात याचिका लढवल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केले. संशय लोकांचा होता, तो सिद्ध झाला तारखांनी आणि टनांनी. तारखा जुळल्या नसत्या तर आरोप टिकला नसता. कटाच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी एवढेच विचारते: काय दिसले तर तुम्ही मत बदलाल? बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. उलट पुरावा नाही, हेच तो लपवल्याचे लक्षण ठरते.

गावकऱ्यांचे निरीक्षण मी कमी लेखत नाही. माकडतापाचेच घ्या. रानात माकडे मरून पडू लागली की माणसांतही ताप येतो, ही खूण १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या रानात हा आजार प्रथम ओळखला गेला तेव्हापासूनची आहे. तज्ज्ञांनी मेलेली माकडे तपासली, विषाणू शोधला, तो गोचिडीतून पसरतो हे दाखवले. आज सत्तरीतल्या काजूच्या बागायतीत कुणाला मेलेले माकड दिसले आणि त्याने आरोग्य केंद्रात कळवले, तर ती बातमी मोलाची असते. त्याने ‘पाहिलेले’ असते आणि दुसऱ्याला ते जाऊन पाहता येते. मनाच्या कौलाचे तसे नाही. तो तपासायला कुठे जायचे?

तज्ज्ञांवर माझा राग आहे तो वेगळ्या कारणाने. शंका विचारणाऱ्या आईला “डॉक्टर तुम्ही की मी?” असे उत्तर मिळालेले मी ऐकले आहे. त्या क्षणी ती बाई मोबाइलमधल्या त्या आपुलकीने बोलणाऱ्या माणसाकडे गेली, आणि परत आली नाही.

म्हणून दोन मागण्या. आरोग्य खात्याने लसीच्या प्रत्येक मोहिमेआधी ग्रामसभेत डॉक्टर पाठवावा. त्याने कोकणी-मराठीत बोलावे, लसीनंतर ताप येतो, हात सुजतो, क्वचित तीव्र ॲलर्जी होते, हे स्वतःहून सांगावे आणि प्रश्न संपेपर्यंत बसावे. आणि आपल्या दैनिकाने ‘तज्ज्ञांच्या मते’ एवढे छापून थांबू नये. कोणत्या तज्ज्ञांनी, किती माणसांवर, काय तपासून हे म्हटले, ते त्याच बातमीत दोन ओळींत द्यावे. जागा कमी पडली तर माझ्यासारख्यांची पत्रे थोडी कापली तरी चालतील.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
वाळपई, सत्तरी